पीआयसी तास भरताना या चुका टाळा, नाहीतर इंटरव्ह्यूत तिथेच अडकायला होतं

एअरलाइनमध्ये पायलटच्या नोकरीचा फॉर्म भरताना बरेच जण लॉगबुकातल्या (उड्डाणांच्या नोंदवहीतल्या) पीआयसी, म्हणजे पायलट इन कमांड, कॉलमची बेरीज करतात आणि तोच आकडा टाकून मोकळे होतात. अमेरिकन लायसन्सवाल्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एफएएचा (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचा) नियम ६१.५१ सांगतो की वेळ लॉग कधी करता येतो, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग (लायसन्सवरची पात्रता) तुमच्याकडे असेल आणि कंट्रोल एकटे तुम्हीच हाताळत असाल तर शेजारी इन्स्ट्रक्टर असला तरी तेवढा वेळ पीआयसी लिहिता येतो. पण नियम १.१ मधली व्याख्या वेगळी आहे, तिथे प्रश्न एवढाच की त्या फ्लाइटचा शेवटचा निर्णय आणि जबाबदारी कोणाची होती. एअरलाइन्स बऱ्याचदा ही दुसरी व्याख्या धरतात, फॉर्मवर तसं लिहिलेलंही असतं, घाईत वाचायचं राहून जातं.

समजा २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनाचं विमान आहे, त्याची एंडोर्समेंट (इन्स्ट्रक्टरची लॉगबुकातली लेखी मंजुरी) अजून मिळालेली नाही आणि इन्स्ट्रक्टरसोबत ८ तास उडवलंत. लॉगबुकात ते पीआयसी म्हणून बरोबरच आहेत, पण एंडोर्समेंट नसताना त्या विमानाचे कॅप्टन तुम्ही नव्हतातच, त्यामुळे अशा फॉर्मवर ते ८ तास वजा करायचे. टाइप रेटिंग (त्या विशिष्ट मॉडेलची पात्रता) असलेल्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे को-पायलटने, स्वतः उडवलेल्या फेरीचंही तसंच, तिथे कॅप्टन दुसराच असतो.

सेफ्टी पायलटच्या तासांत तर खूप गोंधळ दिसतो, म्हणजे दुसरा पायलट बाहेरचं दिसू नये म्हणून हूड लावून सराव करतो तेव्हा बाहेर लक्ष ठेवणारा पायलट. तो हूड लावून उडवत असतो तेवढाच वेळ तुमचा पीआयसी, आणि तोही पीआयसी तुम्ही असं उडायच्या आधी ठरलेलं असेल तरच. टेकऑफ-लँडिंगला हूड नसतो, मग दोघांच्या लॉगबुकात अख्ख्या फ्लाइटचा सारखाच आकडा कसा येईल?

मिनिटांची चूक छोटी वाटते पण साचत जाते: १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५, १.३ नाही, कारण ०.१ म्हणजे ६ मिनिटं. सिम्युलेटर तर फ्लाइट टाइममध्ये धरायचाच नाही.

चूक सापडली तर खाडाखोड किंवा व्हाइटनर अजिबात नको. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, तारीख, सही. जाणूनबुजून खोटी एंट्री केली तर एफएएच्या नियमांखाली लायसन्स सस्पेंड किंवा रद्द होऊ शकतं, प्रामाणिक चूक वेगळी, पण ती चूकच होती हे समोरच्याला दिसायला हवं ना. फॉर्म आधीच गेला असेल तर इंटरव्ह्यूची वाट बघू नका, स्वतःहून मेल करून सुधारित आकडा कळवा.

आणि आजच लॉगबुकात एक जादा कॉलम आखा, १.१ प्रमाणे पीआयसी. जुन्या एंट्र्या एकेक करून बघायला दोन-तीन संध्याकाळी जातील, जाऊ द्या, आठवत नसेल कॅप्टन कोण होतं तर तो तास त्या कॉलममध्ये घेऊ नका.