पहिलं लिनक्स निवडताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि धडधाकट लॅपटॉप हाताशी असलेले कितीतरी जण लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळले. त्यातले काही लगेच परतही गेले. कारण विचारलं तर वायफाय लागत नव्हतं, आवाज येत नव्हता, स्क्रीन काळी पडत होती. लिनक्स अवघड असतं असं नाही, तर व्हिडिओ बघून निवड झालेली असते आणि आपल्या मशीनवर ते कधी तपासलेलंच नसतं.

लाइव्ह न चालवता थेट इन्स्टॉल करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मिंट, उबुंटू, झोरिन, फेडोरा ही लिनक्सची वेगवेगळी रूपं, म्हणजे डिस्ट्रो. ही सगळी पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवून बघता येतात, यालाच लाइव्ह म्हणतात. पेनड्राइव्हवर थोडी मंद चालतील, ते मनावर घेऊ नका. वायफाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं एकेक करून तपासा. झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे तर नक्की बघा. ते बहुतेक जण विसरतात आणि नंतर रोज वैतागतात.

लाइव्हमध्ये अडलं तरी लगेच नाद सोडू नका. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि स्क्रीन काळी राहत असेल, तर सुरुवातीच्या मेनूत मिंटला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटूला ‘सेफ ग्राफिक्स’ निवडा. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाकता येतो. ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं सुरुवातीला चालत नाहीत. तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या इंटरनेटवर ड्रायव्हर उतरवा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ मोडवर आहे का बघा. तो मोड बदलावा लागतो. पण विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, ते सुरू व्हायचं बंद होऊ शकतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये रीस्टार्ट व्हायला सांगा आणि त्या रीस्टार्टमध्येच बायोसमध्ये जाऊन मोड बदला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. आणि सगळ्या फाइल्सचा बॅकअप घेतल्याशिवाय पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावू नका, मग कोणी कितीही धीर देवो.

मोठा आकडा म्हणजे चांगली आवृत्ती, असं समजणं

उबुंटू २४.०४ ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, तिला पाच वर्षं अपडेट्स मिळतात. त्यानंतर आलेल्या २४.१० ला मात्र फक्त नऊ महिने मिळाले. आकडा मोठा, आयुष्य छोटं. नवख्या माणसाने एलटीएसच घ्यावं. मिंटची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच उभी असते, त्यामुळे तिथे हा गोंधळ होत नाही. फेडोरा उत्तम आहे, पण प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच टिकते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड आलंच.

पैसे दिले की अडचणी संपतील, असं मानणं

झोरिनची ‘प्रो’ आवृत्ती विकत मिळते. तिच्यात जास्तीचे डेस्कटॉप लेआउट, आधीच भरलेली ॲप्स आणि इन्स्टॉलेशनसाठी मदत मिळते. पाया मात्र फुकटच्या ‘कोअर’चाच. कोअरवर न चालणारं वायफाय पैसे भरून चालू होणार नाही. म्हणून आधी कोअर वापरा, आवडलं तर प्रो घ्या. बनवणाऱ्यांना हातभार लावायला तो चांगलाच मार्ग आहे. एलिमेंटरी हे डिस्ट्रो तर किंमत तुमच्यावर सोडतं, शून्यही चालतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सचं सबस्क्रिप्शन कंपन्यांच्या सर्व्हरसाठी आहे, घरच्या लॅपटॉपला त्याची गरज नाही. उबुंटू प्रो वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे आणि एलटीएसचे सुरक्षा अपडेट्स दहा वर्षांपर्यंत नेतं. अर्ज नाही, पैसे नाहीत, फक्त खातं उघडावं लागतं.

क्रमवारी आणि रुबाबावर जाणं

डिस्ट्रोंची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच साइटच्या यादीत पहिलं आलं म्हणून निवडू नका. ती यादी त्या साइटवरची पानं किती वेळा उघडली गेली ते मोजते, किती जण वापरतात ते नाही. काली नावाचं डिस्ट्रो तर नवख्यांनी घेऊच नये. ते सुरक्षा चाचण्यांसाठी बनवलेलं आहे आणि लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते वापरू नये, असं त्याचे निर्मातेच सांगतात.

रूप बघूनही ठरवू नका. डेस्कटॉप नंतर बदलता येतो. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या, पण जुना लॅपटॉप खरा दमतो तो ब्राउझरच्या टॅब्सनी. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो डिस्ट्रो बदलून पडत नाही.

आपली कामं आधी न तपासणं

फोटोशॉप, डेस्कटॉपवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन खेळ कुठल्याही डिस्ट्रोवर सरळ चालत नाहीत. यातलं एखादं रोज लागत असेल तर विंडोज शेजारी राहू द्या.

आयएसओ कुठूनही उतरवणं

फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच हॅक झाली होती आणि तिथून लोकांना छुपा मागचा दरवाजा असलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) मिळत होती. म्हणून अधिकृत साइटवरूनच घ्या आणि डिजिटल सहीसकट चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) जुळवून बघा. पेनड्राइव्हवरून मध्येच इन्स्टॉलेशन अडकत असेल, तेव्हाही आधी हेच तपासा. फाइल अर्धवट उतरलेली असू शकते.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने सिस्टीमचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या. मिंटमध्ये ते आधीच असतं. एखाद्या अपडेटने सिस्टीम बिघडली तर त्या स्नॅपशॉटवर परत जाता येतं. तुमच्या फोटो-कागदपत्रांचा बॅकअप मात्र ते आपणहून घेत नाही, तो वेगळ्या डिस्कवर स्वतः घ्या.