कुंडीतलं पाणी लगेच वाहून जातं, तरी झाड मलूल: माझा अनुभव

जळगावचा मे महिना. मोगऱ्याला पाणी घातलं की लगेच तळाच्या भोकातून बाहेर, पानं मात्र मलूलच. पाणी वाढवलं, गांडूळखत घातलं, सावलीत हलवला, फरक शून्य. फार जीव जळला.

बोट खुपसलं तर वर ओल, खाली नुसती भुकटी. शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली माती पार वाळली की आक्रसते, पाणी धरत नाही. ते कडेच्या फटीतून निसटतं.

आधी काडीने माती हलकेच टोचली. मग कुंडी टबात, पाणी निम्म्या उंचीपर्यंत. बुडबुडे थांबून वरची माती ओली झाल्यावरच काढली, सावलीत निथळू दिली. (रात्रभर बुडवून ठेवू नका, मुळं गुदमरतात.) फटीत चाळलेलं गांडूळखत भरलं, वर केळीच्या वाळक्या पानांचा २ इंची थर, खोडाला मात्र टेकू दिला नाही. आता रोज सकाळी थोडं पाणी, ते मुरलं की उरलेलं.