गुडघा बोलेना म्हणून डोंगर चढू नका: सांधेदुखीत या चुका टाळा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत सकाळी मी सांधेदुखीवाल्यांसाठी खुर्चीवरच्या योगासनांचा वर्ग घेते. नवं माणूस आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, किती दिवसांत फरक पडंल?" विचारण्यात गैर काही नाही. पण ज्याला घाई असते तोच पुढं नेमक्या त्याच चुका करतो, आणि प्रत्येकाला वेगळं सांगून मी आता दमले.

सगळ्यात जास्त माणसं मोडतात ती चांगल्या दिवशी. वाईट दिवशी कुणी वेडेपणा करत नाही, दुखणंच धाकात ठेवतं. वर्गात एक मामा यायचे. तरुणपणी तालमीत लाल माती अंगाला लावलेले, आता दोन्ही गुडघ्यांची झीज. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, पाय सरळ करून मांडी आवळून धरणं, हे त्यांना पोरखेळ वाटायचं. "जोर-बैठका मारलेलं अंग हाय हे," असं रोज ऐकवायचे. तरी येत राहिले आणि सकाळचं आखडणं कमी झालं. मग एका रविवारी गुडघा अजिबात बोलेना, तर मामा नातवाला घेऊन पायवाटेनं जोतिबाचा डोंगर चढले. उतरलेही चालतच, आणि उतरताना गुडघ्याला चढण्यापेक्षा जास्त सोसावं लागतं. त्यावर कडी म्हणजे घरी येऊन पाटावर मांडी घालून जेवण. सोमवारी गुडघा भोपळ्याएवढा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मामांनी दुसरं टोक गाठलं, "आता हलायचंच न्हाई." अंथरूण धरलं. गुडघ्याला सावरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि पडून राहिलं की तो भराभर ओसरतो. वर्गात परत आले तेव्हा खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेकत होते. म्हणजे पहिल्यापेक्षा मागं.

माझा नियम साधा आहे. चांगल्या दिवशीही कालच्याइतकंच. वाढवायचं ते आठवड्याच्या हिशेबानं, थोडंसं. व्यायामानं वाढलेलं दुखणं दोन तासांत बसलं नाही, तर पुढच्या वेळी निम्मं करायचं. बंद करायचं नाही. रंकाळा तलावावर पहिल्याच आठवड्यात पूर्ण फेरीचा हट्ट नको. एका बाकड्यापर्यंत जा, टेका, परत या. लोक बघतात म्हणून न बसणारे मला चांगले माहीत आहेत.

बायकांची हीच चूक स्वयंपाकघरात होते. बोटं आज हलकी आहेत ना, मग चार दिवसांचं सगळं आजच उरकायचं. ओट्याशी उभं राहून सलग भाकऱ्या थापायच्या आणि रात्री मनगट धरून बसायचं. परात टेबलावर घ्या, खुर्चीत बसा. पीठ बोटांच्या पेरांनी रेटू नका, तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं मळा. दोन भाकऱ्या झाल्या की हात मोकळे सोडा. घरात दुसरी माणसं असतील तर त्यांनाही भाकरी थापता येते, हे मी सासवांसमोरही बोलते.

दुसरी चूक बघितली की माझा आवाज चढतो. श्वासानं, ध्यानानं बरं वाटायला लागलं की गोळी बंद. आमवाताच्या एका ताईंनी हेच केलं. दीर्घ श्वास सुरू केल्यावर झोप लागायला लागली, चिडचिड कमी झाली. "मग गोळी कशाला, मॅडम?" म्हणून त्यांनी कुणाला न विचारता ती सोडली. काही आठवड्यांत दोन्ही मनगटं सुजली, सकाळी पोलक्याचे हूक लागेनात. श्वास सावकाश सोडला की दुखऱ्या सांध्याभोवती आवळून धरलेले स्नायू सैल होतात, झोप सुधारते, आणि नीट झोप झाली की दुसऱ्या दिवशी दुखणं सोसायला बळ येतं. हे सगळं खरं. पण आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उठलेली असते. ती आग ध्यानानं विझत नाही, आणि एकदा झिजलेलं हाड परत भरत नाही. मेथोट्रेक्सेटसारख्या आमवाताच्या औषधाचा गुण दिसायलाच सहा ते बारा आठवडे जातात. तोवर दम नाही म्हणून सोडायचं, की लवकर गुण यावा म्हणून जास्त घ्यायचं? आमवातात मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे; रोज घेतली तर जिवावर बेततं.

यातलाच एक आडमार्ग म्हणजे बिननावाची पुडी. तीन दिवसांत पळायला लावते ती पुडी, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. तोंड सुजतं, साखर वाढते. आणि बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लाजू नका.

ध्यानाला पद्मासन लागत नाही. सुजलेल्या गुडघ्याला वज्रासनही नको. खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकवा. आणि ध्यान चालू असताना "गेलं का दुखणं?" म्हणून दर मिनिटाला गुडघा चाचपू नका.

ताई-ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, हे नुसतं फॅड आहे असं म्हणणारे भेटतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ताई-चीची ठाम शिफारस केली आहे. गुडघ्यासाठी योगासनांची शिफारस केली, पण हात राखून. योग शिकवणारी असूनही हे मी सांगते.

आखडलेल्या सांध्याला शेक, गरम आणि सुजलेल्या सांध्याला गार पट्टी. उलटं करू नका.

पायाच्या बोटांत संधिवात असेल तर नवं करकरीत पायताण घालून लग्नाला जाऊ नका.

पावसाळ्यात चालणं बंद पडतं. व्हरांड्यात चाला.

गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणारा संधिवात, असेल तर कलेजी आणि बियर आवरा. तांबड्या रश्श्याला दोष देणारे ताटातली कलेजी विसरतात.

सकाळचं आखडणं अर्ध्या तासात सुटत असेल तर बहुधा झीज असते. तासभर किंवा जास्त राहत असेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर माझ्या वर्गाआधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एखादा सांधा एकाएकी लालबुंद, गरम झाला, सोबत ताप आला, तर शेक नको, मालिश नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर रात्रभर थांबणंही महागात पडतं.