आकडा पुसलेला कपॅसिटर मोजायचा कसा

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा आकडा पुसला गेलाय आणि मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची रेंज नाही? एका ओळीच्या सूत्रावर काम भागतं: चार्ज = कपॅसिटन्स × व्होल्टेज.

लागणारं सामान: ३ पेन्सिल सेल (मिळून साधारण ४.५ व्होल्ट), माहितीतला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ किलोओहमचा रेझिस्टर, डिजिटल मल्टिमीटर. ९ व्होल्टची बॅटरी मुद्दामच घेतलेली नाही. आकडा पुसलाय म्हणजे व्होल्टेजची मर्यादाही कळत नाही, आणि ६.३ व्होल्टचे कपॅसिटर सर्रास असतात.

आधी दोन्ही कपॅसिटर रेझिस्टरमधून पूर्ण रिकामे करा. मग माहितीतला कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून सेलवर भरा. १ किलोओहम × १००० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद. त्याच्या पाचपट वेळात तो ९९ टक्क्यांवर जातो, तरी १० सेकंद थांबा. सेल काढून टाका आणि व्होल्टेज लिहून घ्या. समजा ४.५० आलं, म्हणजे आत ४.५ मिलिकूलंब चार्ज आहे.

आता अनोळखी कपॅसिटर त्याला समांतर जोडा, धनाला धन. पट्टी असलेली बाजू ऋण. ध्रुव ओळखता येत नसतील तर हा प्रयोग करू नका. चार्ज तेवढाच राहतो, फक्त दोघांत वाटला जातो, म्हणून व्होल्टेज उतरतं. समजा ३.०६ दिसलं. ४.५ मिलिकूलंब भागिले ३.०६ म्हणजे १४७० मायक्रोफॅरड. त्यातले १००० वजा केले की उरले ४७०. (ऊर्जा मात्र टिकत नाही, सुमारे १० मिलिजूलमधले ३ तारांच्या उष्णतेत आणि जोडतानाच्या ठिणगीत जातात.)

व्होल्टेज ४.५ वरून हललंच नाही, तर बहुतेक सेल काढायचे राहिलेत किंवा अनोळखी कपॅसिटर फारच लहान आहे. १० मायक्रोफॅरडचा असेल तर फरक जेमतेम ०.०४ व्होल्ट पडतो. तिथे ओळखीचाही १० च्या आसपासचा घ्या आणि आकडा पटकन वाचा: १० मेगाओहमचा मीटर एकट्या १० मायक्रोफॅरडमधून सेकंदाला १ टक्का चार्ज ओढतो.

इलेक्ट्रोलिटिकमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून तुमचा ‘१०००’ प्रत्यक्षात ८०० असू शकतो. उत्तरही त्याच प्रमाणात चुकेल. मोठ्या कपॅसिटरवर आकडा भराभर घसरतच राहिला, तर माल गळका आहे. तो परत सर्किटमध्ये लावू नका.