जेसीआरमध्ये जर्नल नेमकं कसं तपासावं

अर्जात जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहायचा असेल तर तो जेसीआरमधून घ्या. जेसीआर म्हणजे क्लॅरिव्हेट कंपनीचे जर्नल सायटेशन रिपोर्ट्स: संशोधन जर्नलांना किती सायटेशन्स मिळाली, म्हणजे त्यांच्यातले लेख इतरांनी किती वेळा उद्धृत केले, याचा वार्षिक अहवाल. आधी नावाचा गोंधळ मिटवा. जावा कंटेंट रिपॉझिटरी हे सॉफ्टवेअरचं मानकही जेसीआरच. ती हवी असेल तर सर्चमध्ये ‘जॅकरॅबिट’ किंवा ‘जेएसआर २८३’ टाका, म्हणजे सायटेशनचे आकडे अंगावर येणार नाहीत.

१. जर्नल नावाने शोधू नका, आयएसएसएनने, म्हणजे जर्नलच्या ओळख क्रमांकाने शोधा. सारख्या नावाची जर्नलं ढिगाने आहेत आणि नावाची नक्कल करणारी बनावट संकेतस्थळंही. क्लॅरिव्हेटची ‘मास्टर जर्नल लिस्ट’ फुकट आहे; तिथेच सापडलं नाही तर पुढे जाऊ नका. जर्नलच्या पानावर ‘ग्लोबल’ वगैरे विशेषण लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर (लेखामागे सरासरी सायटेशन्स) झळकत असला तरीही नाही.

२. ग्रंथालयाच्या लॉगिनने जेसीआर उघडा.

३. वर्ष बघा. लोक हमखास चुकतात ते इथे. जून २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत इम्पॅक्ट फॅक्टर २०२४ चा असतो. तो काढतात असा: २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन लेख आणि रिव्ह्यू. समजा लेख ९० आणि ११०, सायटेशन्स ५००, उत्तर २.५. मेख अशी की संपादकीय आणि पत्रं भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन्स भाज्यात मोजली जातात. त्यामुळे थोडे लेख आणि भरपूर चर्चा छापणाऱ्या जर्नलचा आकडा फुगतो.

आणि हा आकडा विषयाबाहेर तुलनेला आणूच नका. गणितातले लेख सावकाश उद्धृत होतात, दोन वर्षांची खिडकी त्यांना अपुरी पडते. पेशी जीवशास्त्रातला २.५ आणि गणितातला २.५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विषयांमध्ये तुलना करायचीच असेल तर जेसीआय (जर्नल सायटेशन इंडिकेटर) बघा, तो विषयातला फरक धरून काढलेला असतो. तिथे १ म्हणजे सरासरी.

४. क्वार्टाइल विषयासकट लिहा. विषयातली जर्नलं क्रमाने लावून चार समान भाग करतात; सगळ्यात वरचा भाग क्यू१, त्याखालचा क्यू२. एकच जर्नल एका विषयात १८० पैकी ४५ वं, म्हणजे क्यू१, आणि दुसऱ्यात १२० पैकी ६० वं, म्हणजे क्यू२ असू शकतं. नुसतं ‘क्यू१ जर्नल’ लिहिणं ही अर्धी माहिती झाली.

५. स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसचा साइटस्कोर इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात भरू नका. तो चार वर्षांवर काढतात, छाननी करणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

अर्जात मूल्य, त्याचं वर्ष, विषय आणि क्रमांक असं चारही लिहा आणि त्या पानाची पीडीएफ जोडा.