ऑपेरातल्या लाक्मेला दशावतारात कसं आणाल

ऑपेराने, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकाने, आशियाई बायकांचं जे काही करून ठेवलंय त्यावर काहीतरी करायचंय, पण निषेधाचं पोस्टर नको, असं विचारणारी पोरं दरवर्षी भेटतात, त्यांच्यासाठी लिहितेय. कुडाळ-सावंतवाडीकडे बसून सहज जमेल असंच सांगते.

आधी ऑपेरा एकच निवडा. पुच्चीनीची 'मादामा बटरफ्लाय' (1904) शक्यतो नको, पंधरा वर्षांची जपानी मुलगी, सोडून गेलेला अमेरिकन नौदलवाला, शेवटी तिची आत्महत्या, यावर भरपूर काम होऊन गेलंय. डेव्हिड हेन्री ह्वांगने 1988 ला 'एम. बटरफ्लाय' नाटकात तर सगळंच उलटं केलं, फ्रेंच साहेबाची नाजूक चिनी प्रेयसी निघते पुरुष, वर हेर, आणि बटरफ्लायचा वेश घालून मरतो तो साहेबच. याच्यापुढे आपण काय करणार?

आपल्याला बरी पडते ती फ्रेंच संगीतकार देलीबची 'लाक्मे', पॅरिस, 1883. इंग्रज अमदानीतला हिंदुस्थान, ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी, तिच्या प्रेमात पडलेला इंग्रज अधिकारी जेराल्ड. त्याला ड्युटी आठवते, हिच्या ते लक्षात येतं आणि ही धोत्रा खाऊन मरते. साहेब सुखरूप!

लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, नेटवर फुकट मिळतं. ते समोर ठेवून एकदा पूर्ण ऐका आणि वहीत एकच गोष्ट लिहीत जा, की ही आत्ता जे करतेय ते कोणी करायला लावलं. तिचं सगळ्यात गाजलेलं घंटांचं गाणं घ्या. आपण टाळ्या वाजवतो ते त्या उंच सुरांना, पण गोष्टीत ते ती बापाच्या हुकमाने भर बाजारात गातेय, तिचा आवाज ऐकून तो गोरा पुढे यावा आणि बापाला सापडावा म्हणून. म्हणजे पोरीचा गळा हे गळाला लावलेलं आमिष. असं वहीभर निघेल, त्यातला फक्त एक प्रसंग उचला, सगळी गोष्ट सांगायला गेलात की काम फसलं.

मी असते तर शेवटचा धोत्रा घेतला असता.

आता त्यासाठी दशावतारातला, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यातला, चांगला स्त्रीपार्टी करणारा नट गाठा. जत्रांच्या सीझनमध्ये त्यांना मान वर करायला वेळ नसतो, पावसात विचारा, आणि मानधन आधी ठरवा, 'कलेसाठी करा' असलं काही बोलू नका. त्याच्या हातात लिहिलेले संवाद देऊ नका. दशावतारी नट आयत्या वेळी बोलतो, तीच तर आपली ताकद आहे, लाक्मेला फ्रेंचांनी लिहून दिलेलं बोलावं लागलं, इथे ती उलट बोलू शकते. त्याला फक्त प्रसंग समजावून सांगा आणि धोत्र्याचं पान हातात द्या. 'तुका जावचा तर जा, मी कित्याक मरू?' एवढं जरी आलं तरी पैसे वसूल. (पान कागदाचंच करा हं, धोत्रा रस्त्याकडेला मिळतो पण खरंच विषारी आहे.)

यात एक गोची आहेच, आपल्याकडेही बाई कशी दिसावी-मुरकावी हे पुरुषच ठरवत आले. ते लपवू नका. नटाला रंगायला पडद्यामागे न बसवता प्रेक्षकांसमोर बसवा, हातभर बांगड्या आणि अर्धा रंगलेला चेहरा दिसू दे सगळ्यांना, आणि जेराल्ड एखाद्या मुलीला द्या, तिने हॅट घालून ताटकळत उभं राहायचं. पुष्पमाला एन. यांची 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही फोटोमालिका (2000 ते 2004, क्लेअर आर्नी यांच्याबरोबर) त्याआधी जरूर बघा. रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायका त्यांनी स्वतः वेश करून उभ्या केल्यात, आणि त्या बायका घडवलेल्या आहेत हे लपत नाही, तेच तर हवंय.

संगीताचं सोपं आहे. देलीब 1891 मध्ये वारला, त्यामुळे चाल कॉपीराइटमधून मोकळी आहे, रेकॉर्डिंग मात्र बहुतेक मोकळं नसतं, उचलून लावू नका. त्यापेक्षा लाक्मे आणि तिची दासी मल्लिका यांचं ते फुलांचं गाणं, विमान कंपनीच्या जाहिरातीतलं, पायपेटीवर घ्या. सहा-आठची लय आहे, पखवाजवाल्याला दादऱ्यासारखं म्हणून सांगा, पकडेल तो.

प्रयोग दहा मिनिटांच्या आत संपवा. देवळाच्या मांडात, म्हणजे खेळ होतात त्या जागेत, करायचा तर मानकऱ्यांना आधी विचारा. व्हिडिओ आडवा काढा आणि मालवणी संवादांना खाली मराठी सबटायटल द्या, पुण्यामुंबईवाले लाख म्हणतील समजतं म्हणून.