राडारोडा वापरून सांडपाण्यातला फॉस्फरस कसा पकडायचा

सांडपाण्यातला फॉस्फरस तळ्यात गेला की शेवाळ माजतं, आणि तोच फॉस्फरस म्हणजे स्फुरद आपण खतासाठी खाणीतून उकरून काढतो. (तसा तो पहिल्यांदा सापडला तोच मुळी १६६९ मध्ये, मूत्र आटवताना!) तो परत पकडायला पाडकामातलं काँक्रीट चालतं. सिमेंटमधला चुना पाण्यात सुटतो, पीएच वाढतो (पाणी अल्कधर्मी होतं) आणि चुन्यातलं कॅल्शियम पाण्यातल्या फॉस्फेटशी, म्हणजे फॉस्फरसच्या विरघळलेल्या रूपाशी, जुळून त्याचा साका (खाली बसणारा गाळ) तयार होतो, बाकी सगळी खटपट याच्याभोवतीच आहे.

माल निवडताना एएसी ब्लॉकचे (बांधकामातल्या फुगवलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) तुकडे मिळाले तर तेच घ्या, सच्छिद्र असतात. नाहीतर साधं काँक्रीट, पण आतून ताजं फोडलेलं, कारण वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या थरातला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कधीच मेलेला असतो. विटांचा चुरा थोडंफार काम करतो, भरवसा ठेवू नका. जिप्सम बोर्ड, रंग लावलेलं प्लॅस्टर आणि अॅस्बेस्टॉसचे पत्रे अजिबात नकोत.

फोडताना मास्क, गॉगल, हातमोजे घालाच, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. मग चाळून १-२ मिमीचे दाणे वेगळे आणि भुकटी वेगळी ठेवा.

आधी बादलीत ट्रायल घ्या, थेट फिल्टर बांधायला जाऊ नका. गाळ बसवून वरचं निवळ पाणी घ्या, लिटरला १० ग्रॅम भुकटी टाका, अधूनमधून ढवळा आणि तासाभराने, मग दुसऱ्या दिवशी फॉस्फेट आणि पीएच दोन्ही मोजा. घरगुती सांडपाण्यात फॉस्फरस साधारण लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम असतो, पण पाणी तपासायच्या किटवर आकडा फॉस्फेटचा असेल तर त्याला ३.०६ ने भागायचं, नाहीतर पाणी उगाच तिप्पट घाण वाटतं. पीएच ८ च्या आसपासच अडकला तर भुकटी वाढवा, ९ च्या वर गेल्याशिवाय साका नीट बसत नाही.

जमलं की उभ्या पाइपात दाणे भरा आणि पाणी खालून वर सोडा. गाळ आधी काढलेला नसेल तर फिल्टर तुंबणार, हे ठरलेलंच. सुरुवातीला बाहेरच्या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जातो, ते तसंच सोडलं तर मासे मरतील, म्हणून हवा मारून किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून तो ९ च्या खाली आणा, तेव्हा पांढरा चुनखडीचा गाळ दिसला तर घाबरू नका. पुढे पीएच उतरायला लागला आणि फॉस्फेट वर चढायला लागलं की माल संपला, बदला.

वापरलेला माल वाळवून आम्लधर्मी जमिनीत घालता येतो, फॉस्फरस हळूहळू सुटतो आणि चुन्याचाही फायदा होतो. जमीन मुळातच चुनखडीची असेल तर नका घालू, पिकाला फारसं मिळत नाही. आणि शेतात टाकायच्या आधी क्रोमियम, शिसं असल्या जड धातूंची आणि रोगजंतूंची तपासणी लॅबमध्ये करून घ्या, पाडकामाच्या मालात काय काय मिसळलेलं असतं ते नुसतं बघून कळत नाही.